माझा आवाज आणि त्याचं औषध

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक मेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे.)





आजची तारीख कशी ठरली ते आधी सांगतो. सेक्रेटरी मॅडमनी मला व्हॉट्सॲपवर विचारलं, "काका, तुमचा आवाज कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चांगला असतो? हॉल त्याप्रमाणे ठेवते." कार्यक्रमासाठी वक्त्याची वेळ विचारतात, आवाजाची तारीख कुणी विचारत नाही. त्यांनी विचारली. म्हणून मी आज उभा आहे. पाच आठवड्यांपूर्वी गळ्यात इंजेक्शन घेतलं आहे, त्यामुळे सध्या आवाज बरा आहे. मध्येच एखादा शब्द अडकला, तर कृपया तो पुरा करू नका. थांबा. तो येतो.

मी बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली. काउंटरवर, मग कर्ज विभागात, शेवटी शाखाधिकारी म्हणून. आपली सोसायटी रजिस्टर झाली तेव्हा पहिल्या कमिटीत मी होतो आणि पुढे बरीच वर्षं सेक्रेटरी होतो. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगच्या भांडणापर्यंत सगळं तोंडानं निभावलं. त्या काळी मी ए विंगच्या गच्चीवरून हाक मारली की सी विंगच्या वॉचमनला ऐकू जायची, हे जुने सभासद सांगतील.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. फोनवर बोलताना आवाज मध्येच आवळल्यासारखा व्हायला लागला. कुणीतरी गळा दाबावा, सोडावा, परत दाबावा, तसं. आधी वाटलं, सर्दी असेल. मग वाटलं, ॲसिडिटी. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, काढा झाला, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. निवृत्त झाल्यावर ताण जाईल आणि आवाज येईल, असं सगळे म्हणाले. निवृत्त झालो. ताण गेला, पण आवाज काही सुधारला नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. कुणाला दुखवण्यासाठी नाही, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बारा वर्षांपूर्वीची वार्षिक सर्वसाधारण सभा. सिंकिंग फंडाच्या हिशेबावर एका सभासदांनी प्रश्न विचारला. प्रश्न योग्य होता, आणि उत्तर माझ्याजवळ होतं, व्हाउचरसकट. मी उभा राहिलो आणि आवाज फुटेना. "अ... अ... अकाउंट" एवढंच. घाम आला. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, गळा दाटला." दुसरं कुणी म्हणालं, "काहीतरी असल्याशिवाय माणूस असा अडखळत नाही." हिशेब तपासले गेले, एक पैसाही इकडचा तिकडे नव्हता, तशी नोंद इतिवृत्तात आहे. पण ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवला, त्याच्याबद्दल तेवढ्या पाच मिनिटांत जी शंका आली, ती नोंदीनं पुसली जात नाही. मी राजीनामा दिला.

त्यानंतर महिन्याभरात गणपती आले. आरतीला मी नेहमीप्रमाणे उभा राहिलो, आणि काय आश्चर्य, आरती खणखणीत म्हटली! मलाच समजेना. पण ते ऐकून एक जण म्हणालेच, "आरतीला आवाज येतो आणि मीटिंगला येत नाही?" मी घरी आलो आणि त्या रात्री हिला म्हणालो, "कदाचित मीच ढोंग करत असेन." म्हणजे मी कुजबुजलो. कुजबुजताना मला काही त्रास व्हायचा नाही.

ही कुजबूज आणि ही आरती लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

नंतरचं वर्ष मी जवळजवळ मुक्यानं काढलं. फोन घ्यायचो नाही. रिक्षावाल्याला पत्ता चिठ्ठीवर लिहून द्यायचो. एका डॉक्टरांनी सांगितलं, मनाचं आहे, आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन मी दिवसा पेंगायचो आणि आवाज होता तसाच. मग ती रात्र आली. हिचा पाय बाथरूममध्ये घसरला, डोक्याला लागलं, रक्त यायला लागलं. मी इंटरकॉमवर वॉचमनला फोन लावला. तोंडातून नुसते तुटके आवाज. त्याला वाटलं कुणी पोरं चेष्टा करताहेत, त्यानं फोन ठेवला. परत लावला, परत ठेवला. त्याची चूक नव्हती. शेवटी मी गॅलरीत जाऊन स्टीलच्या ताटावर डावानं बडवायला सुरुवात केली. समोरच्या बी विंगमधले तिघे धावत आले. हिला नऊ टाके पडले, जिवावरचं टाक्यांवर निभावलं. पण दुसऱ्या दिवशी मुलगा आला आणि म्हणाला, "बाबा, आता कारण सापडल्याशिवाय थांबायचं नाही."

कारण सापडलं मुंबईत, एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे, जे फक्त आवाजाचंच काम करतात. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र बघितलं. मग म्हणाले, "इंग्रजीत ऐंशीपासून एकोणनव्वदपर्यंत मोजा." हात पुढे करून नोटा मोजण्यात माझं आयुष्य गेलेलं, आणि मी 'एटी'वर अडकलो. 'एटी-एट'ला तर पूर्ण आवळलो. मग म्हणाले, "आता साठपासून एकोणसत्तर." ते बरंच सुटसुटीत गेलं. मग त्यांनी विचारलं, "कुजबुजता येतं? हसताना आवाज ठीक असतो? गाणं म्हणता?" मी कुजबुजून म्हणालो, "आरती येते. पण लोक म्हणतात, ढोंग करतो."

ते हसले. म्हणाले, "अहो, आरती येते हाच तर पुरावा आहे."

मित्रांनो, ज्या गोष्टीवरून मला खोटं ठरवलं, त्याच गोष्टीवरून माझा आजार ओळखला गेला. त्याचं नाव स्पॅस्मोडिक डिस्फोनिया. नाव अवघड आहे, पण मला ते ऐकून पेढा वाटावासा वाटला.

आता थोडं शास्त्र, मला समजलं तेवढं. आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते जवळ येतात आणि फुप्फुसातल्या हवेनं थरथरतात. पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रियांच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. ते कधी मिटायचे, कधी उघडायचे, हा हुकूम मेंदूकडून नसेमार्फत येतो. माझ्या आजारात स्वरतंतूंमध्ये दोष नाही, घशात गाठ नाही, मनातही काही नाही. मेंदूचा हुकूम जरुरीपेक्षा जास्त येतो, आणि स्वरतंतू एकमेकांवर घट्ट आवळले जातात. स्वरानं सुरू होणाऱ्या शब्दांना हे जास्त होतं, म्हणून 'अकाउंट' आणि 'एटी'. काही जणांत उलट होतं, स्वरतंतू नको तेव्हा उघडतात आणि आवाज हवेसारखा निसटतो. त्यांना साठचे आकडे जड जातात.

हा डिस्टोनियाचा एक प्रकार आहे. डिस्टोनिया एखाद्या ठराविक कामापुरताच असू शकतो. आमच्या शाखेत एक हेडक्लार्क होते. पेन हातात धरलं की त्यांचा हात वाकडा व्हायचा, सही बिघडायची. तोच हात भजी तळायचा, कॅरम खेळायचा, व्यवस्थित. आम्ही मेले त्यांना कामचुकार म्हणायचो. आज कळतं, तो लेखनाचा डिस्टोनिया असणार. त्यांच्या हातात जे होतं, ते माझ्या गळ्यात आहे. म्हणून बोलणं अडतं, आरती अडत नाही.

या आजाराचं वर्णन लुडविग ट्राउबे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८७१ मध्येच केलं होतं. पण त्यानंतर शंभर वर्षं बहुतेक डॉक्टर हा मानसिक आजार समजत राहिले. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या हर्बर्ट डेडो यांनी स्वरयंत्राकडे जाणारी एका बाजूची नस कापून रुग्णांचा आवाज मोकळा करून दाखवला. पुढे अनेकांचा त्रास परत आला, पण दोष मनात नसून नसांच्या कारभारात आहे, हे समजायला मदत झाली.

आणि मग आलं औषध. ते औषध म्हणजे एक विष आहे. बोट्युलिनम टॉक्सिन, ज्याला बाजारातल्या एका नावावरून सगळे बोटॉक्स म्हणतात. सी विंगमधल्या माझ्या एका पुतणीवजा मुलीनं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "काका, तुम्ही सुरकुत्यांसाठी घेता की काय?" तिला म्हटलं, सुरकुत्यांची वेळ टळून गेली, बाई.

या विषाची कथा मोठी रंजक आहे. जर्मनीत खराब झालेले सॉसेज खाऊन माणसं लुळी पडून मरायची. युस्टिनस केर्नर नावाचे डॉक्टर होते, ते कवीही होते. त्यांनी १८२० च्या सुमारास या विषबाधेचा बारकाईनं अभ्यास केला, स्वतः थोडं विष चाखूनही पाहिलं, आणि हे कधीतरी औषध म्हणून वापरता येईल असं लिहून ठेवलं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं, तिघे दगावले, आणि एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी त्या मांसातून हा जंतू शोधून काढला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञांनी तिरळ्या डोळ्यांसाठी अगदी सूक्ष्म मात्रेत ते वापरलं. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या अँड्र्यू ब्लिट्झर यांनी ते स्वरयंत्रात दिलं. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं डोळ्यांच्या विकारांसाठी त्याला मान्यता दिली. सुरकुत्यांची मान्यता त्यानंतर, २००२ मध्ये. म्हणजे आधी आजाऱ्यांचा नंबर लागला, नट्यांचा नंतर.

हे करतं काय? बँकेच्या भाषेत सांगतो. नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि ते स्नायूला सांगतं, 'आवळ'. समजा तो नसेनं काढलेला चेक आहे. हे औषध नसेच्या टोकाशी जाऊन स्टॉप पेमेंट लावतं. सगळे चेक थांबवले तर स्वरतंतू लुळेच पडतील, म्हणून मात्रा इतकी मोजून देतात की फालतू चेक थांबावेत आणि कामापुरते वटावेत. कपाळावरच्या आठ्यांसाठी त्या कंपनीच्या मापानं २० युनिट देतात, मला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा युनिट पुरतं. एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाबरोबर जुळत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

इंजेक्शन कसं देतात, ही सगळ्यांची भीती. मान मागे टाकून झोपायचं. कंठमण्याच्या जरा खाली, बाहेरून, एक बारीक सुई. त्या सुईला यंत्र जोडलेलं असतं. डॉक्टर म्हणतात, "ई म्हणा", आणि स्नायू हलला की यंत्रातून जुन्या रेडिओसारखी खरखर येते. खरखर आली म्हणजे सुई योग्य जागी. औषध सोडतात, सुई बाहेर. सगळं मिळून काही मिनिटं. खोकला येतो, गिळायचं नाही असं सांगतात आणि नेमकं तेव्हाच गिळावंसं वाटतं. बाकी मुलाच्या दाढेपेक्षा सोपं आहे.

आता नफा-तोटा. पहिले दोन-तीन दिवस काहीच नाही. मग आवाज एकदम बारीक, वाऱ्यासारखा होतो. तो काळ एखादा आठवडा, कधी दोन. त्या दिवसांत पाणी पिताना ठसका लागतो, म्हणून हनुवटी खाली करून छोटे घोट घ्यायचे, गप्पा मारत चहा प्यायचा नाही. मग हळूहळू आवाज भरतो आणि दोन-अडीच महिने चांगला राहतो. साधारण तीन-चार महिन्यांनी नसेला पुन्हा जोर येतो, आवळणं सुरू होतं, आणि पुन्हा मुंबईची गाडी. म्हणजे हा आजार बरा झालेला नाही. मुद्दल तसंच आहे, मी दर तिमाहीला रिन्यूअल करतो.

मी त्याची वही ठेवली आहे. तारीख, डावीकडे किती, उजवीकडे किती, किती दिवस वाऱ्याचा आवाज, किती आठवडे चांगले. ही वही बघून डॉक्टरांनी मात्रा तीनदा बदलली, तेव्हा कुठे माझं माप सापडलं. आतापर्यंत अठ्ठावीस इंजेक्शनं झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एक तारीख चुकली ती आठ महिने मिळाली नाही. त्या आठ महिन्यांत नातीला गोष्ट सांगायची राहिली. ती व्हिडिओवर म्हणायची, "आजोबा, तुम्ही नुसतं हसा." हसू यायचं. हसण्याचा आवाज या आजारात बहुधा शाबूत असतो, हे मी तुम्हाला मघाशी सांगितलंच.

त्या दवाखान्यात महिन्यातल्या एका ठरलेल्या दिवशी आम्हाला बोलावतात. बाकावर एक शिक्षिका, एक वकील, एक रेल्वेत अनाउन्समेंट करणाऱ्या बाई. आम्ही कुणीच कुणाचं वाक्य तोडत नाही. अमेरिकेतल्या डायान रेम या रेडिओवरच्या प्रसिद्ध मुलाखतकार. १९९८ मध्ये त्यांना हाच आजार असल्याचं निदान झालं, आणि याच इंजेक्शनांच्या जोरावर त्या परत माइकसमोर बसल्या. हे मला त्या शिक्षिकेनं सांगितलं. त्या दिवशी मला माझा आजार जरा मोठ्या घराण्यातला वाटला.

पण मंडळी, माझ्या आवाजावर जे औषध चालतं ते प्रत्येक आवाजावर चालत नाही. आपल्याच सोसायटीतली उदाहरणं देतो. ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांची परवानगी घेतली आहे, आणि नावं सांगणार नाही.

आपल्या सकाळच्या कट्ट्यावरचे एक मित्र. त्यांचा आवाज हळूहळू इतका खाली गेला की शेजारी बसूनही ऐकू येईना. आम्ही म्हणायचो, मनातल्या मनात बोलतात. निदान निघालं पार्किन्सन. त्यावर लेव्होडोपा नावाची गोळी आहे. तिनं त्यांचं चालणं सुधारलं, शर्टाची बटणं लावता यायला लागली, पण आवाज फारसा वर आला नाही. असं बऱ्याच रुग्णांत होतं. आवाजासाठी त्यांना व्यायाम करावा लागला. ली सिल्व्हरमन या रुग्ण बाईंच्या नावानं ओळखली जाणारी एक पद्धत आहे, आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे, रोज तासभर, मोठ्यानं बोलण्याचा सराव. कारण या रुग्णाला स्वतःचा हळू आवाज हळू वाटतच नाही. त्याला वाटतं, आपण नेहमीसारखंच बोलतो, समोरचाच बहिरा झाला. आणि गोळीबद्दल एक सांगतो. ती घड्याळाप्रमाणे घ्यायची, जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण पनीर, डाळ, अंडी यांतली प्रथिनं तिच्या वाटेत येतात. कवचबीजातही मुळात हेच द्रव्य असतं. म्हणून गोळी चालू असताना कुणाच्या सांगण्यावरून ते चूर्ण परस्पर घेऊ नका, डॉक्टरांना आधी विचारा.

दुसरं उदाहरण एका वहिनींचं. पारायणाला बसल्या की पहिला अध्याय स्वच्छ. दुसऱ्याला आवाज नाकातून. तिसऱ्याला शब्द विरघळायचे, पापण्या मिटायला लागायच्या. घरच्यांना वाटलं, झोप येते. सकाळी परत सगळं ठीक! तो मायस्थेनिया ग्रॅव्हिस निघाला. यात माझ्या उलट गोष्ट आहे. नस चेक बरोबर पाठवते, पण स्नायूच्या काउंटरवर शरीरानंच टाळी लावलेली असते. दोन-चार चेक वटतात आणि मग काउंटर बंद. १९३४ मध्ये लंडनमध्ये मेरी वॉकर या डॉक्टर बाईंनी दाखवलं की तेच ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकेल असं औषध दिलं, तर ताकद परत येते. आज त्याच जातीची पायरिडोस्टिग्मिन ही गोळी देतात. अर्ध्या-पाऊण तासात गुण येतो, तीन-चार तास टिकतो. शिवाय मूळ आजार दाबण्यासाठी स्टिरॉइडसारखी औषधं लागू शकतात. वहिनी आता गोळीची वेळ बघून पारायणाला बसतात आणि तिसरा अध्याय पुरा करतात. त्यांना जर कुणी माझं इंजेक्शन दिलं, तर अनर्थ होऊ शकतो. काही प्रतिजैविकंही त्यांना घातक ठरतात. म्हणून हा आजार असणाऱ्यानं प्रत्येक डॉक्टरला, अगदी दाताच्या डॉक्टरलासुद्धा, आधी सांगायचं.

तिसरा प्रकार कंपाचा. आवाज थरथरतो, कित्येकदा हातही थरथरतात, पेल्यातला चहा सांडतो. त्याला प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन या गोळ्या देतात. हाताला त्यांचा जास्त उपयोग होतो, आवाजाला कमी. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला देत नाहीत. काही जणांचा हा कंप दारूचा एक घोट घेतल्यावर तात्पुरता थांबतो. हे डॉक्टर लोकांना ठाऊक आहे. पण ते औषध नव्हे, सवय लागते. मागच्या रांगेतून हसू नका.

माझ्या आजारावरही पोटात घ्यायच्या गोळ्या आहेत. ट्रायहेक्सिफेनिडिल, बॅक्लोफेन, क्लोनाझेपाम. त्यांचा फायदा बेताचा, आणि आपल्या वयात तोटा जास्त. तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, विसरायला होतं, तोल जातो. हिच्या नऊ टाक्यांनंतर तोल जाणाऱ्या गोळ्या आमच्या घरात नकोच होत्या.

हे सगळं कशासाठी सांगितलं? तर चार कामाच्या गोष्टींसाठी.

पहिली. आवाज तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त बिघडलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र बघून घ्या. तंबाखूवाल्यांनी तर आजच. आणि बोलणं अचानक, काही मिनिटांत बोबडं झालं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर ते माझ्यासारखं प्रकरण नव्हे. तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. कॉफी, कांदा, देवाचा अंगारा, सगळं बाजूला ठेवून थेट मोठं हॉस्पिटल.

दुसरी. एकाची गोळी दुसऱ्यानं घ्यायची नाही. तीन आवाज, तीन आजार, तीन वेगळी औषधं, हे आत्ताच पाहिलं. आणि वही ठेवा. डॉक्टरला आपण महिन्यांनी दहा मिनिटं भेटतो, मधले दिवस आपल्याच वहीत असतात. मेडिक्लेममध्ये हा खर्च बसतो का, हे आधी लेखी विचारून घ्या. तोंडी आश्वासनावर मी कधी कर्ज मंजूर केलं नाही, तुम्हीही खर्च करू नका.

तिसरी. अडखळणाऱ्या माणसाला वेळ द्या. तो घाबरलाय, प्यायलाय किंवा काही लपवतोय, असा निकाल लगेच देऊ नका. त्या सभेत ज्यांनी तो प्रश्न विचारला होता, ते सभासद माझं निदान झाल्यावर घरी आले. बराच वेळ बसले. म्हणाले, "माझा प्रश्न चुकीचा नव्हता, पण मी तुमच्या उत्तराची वाट बघायला हवी होती." मी म्हटलं, "प्रश्न विचारलात हे बरोबरच केलंत. सोसायटी प्रश्नांवरच चालते." पहिल्या तीन इंजेक्शनांना मुंबईला माझ्याबरोबर तेच आले. आज पहिल्या रांगेत बसलेत, मी बघतोय त्यांच्याकडे म्हणून मान खाली घालू नका हो.

चौथी, आणि ही कमिटीला मागणी समजा. आपल्या तिन्ही विंगमध्ये एकटे किंवा दोघेच राहणारे ज्येष्ठ खूप आहेत. संकटात प्रत्येकाला बोलता येईलच असं नाही. पार्किन्सनवाल्याचा आवाज पोचत नाही, पक्षाघातात शब्द फुटत नाही, माझा तर तिसऱ्या महिन्यात संप असतो. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून रोषणाई जरूर करा, पण ज्या घरांना हवी आहे त्या घरांत वॉचमनच्या केबिनला जोडलेली एक बेल बसवा, कोणत्या घरातून वाजली ते दिव्यानं कळेल अशी. आणि बेल वाजली की काही न विचारता वर यायचं, एवढाच नियम. मी इलेक्ट्रिशियनकडून अंदाजपत्रक आणलं आहे, खजिनदारांकडे देतो. व्हाउचरसकट.

माझे सात आठवडे अजून शिल्लक आहेत. या बेलचा ठराव त्याच्या आत सभेत आला, तर मी स्वतः उभा राहून मांडीन. उशीर झाला, तर कृपया कुणीतरी माझ्या वतीनं वाचून दाखवा.

आणि गणपतीत आरतीला मी आहेच. त्यासाठी तारीख बघावी लागत नाही.